श्वासाचा पंचनामा

(द्वितीय वर्ष, कला)

‘भरपाई’ हा शब्द आमच्या पाटण खोऱ्यात लहान पोरालाही ठाऊक असतो. कोयना धरणात ज्यांची घरे आणि शेते गेली, त्यांच्या नातवंडांच्या तोंडी तो अजून आहे. अतिवृष्टीत दरड कोसळली, भाताची खाचरे वाहून गेली, की तो शब्द पुन्हा गावात येतो. त्याच्या आधी येतो पंचनामा. तलाठी येतात, पडलेली भिंत पाहतात, फुटलेला बांध पाहतात, पंच सह्या करतात, ज्यांना येत नाही ते अंगठे उठवतात. पैसे किती मिळतील आणि कधी मिळतील, हा पुढचा प्रश्न. पण तुमचे नुकसान झाले आहे, आणि ते अमुक कारणाने झाले आहे, एवढे तरी कागदावर येते.

पण नुकसान माणसाच्या छातीच्या आत झाले असेल तर? पंचांनी काय पाहायचे आणि कशावर सही करायची? हा प्रश्न माझ्या मनात पुस्तके वाचून आलेला नाही. तो आमच्या घरात 2017 सालापासून ठाण मांडून बसला आहे.

माझे आजोबा, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, 1976 साली मुंबईला गेले. वय एकवीस. आमच्या भागातला तरुण तेव्हा दुसरीकडे जाणार तरी कुठे! गिरणीत त्यांचा नंबर लागला नाही. मावसभावाने ओळख काढून उपनगरातल्या एका कारखान्यात चिकटवले. कारखान्याचे नाव मी येथे लिहीत नाही. तेथे छपराचे सिमेंटचे पत्रे होत. पगार वेळेवर होता, दिवाळीला बोनस होता. 1982 साली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या गावची माणसे ट्रंका घेऊन एस.टी.ने परत येऊ लागली, तेव्हा आप्पांची नोकरी शाबूत होती. आजी म्हणते, “त्या साली आपल्या चुलीवर चार घरांचं जेवण शिजलं.” अशा नोकरीतल्या धुळीबद्दल तक्रार कोण करणार?

आपण ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो, पण नुसत्या सिमेंटचा पातळ पत्रा टिकत नाही, तडकतो. म्हणून त्यात ॲस्बेस्टॉस घालतात. ॲस्बेस्टॉस हा खाणीतून निघणारा दगडच, पण त्याचे कापसासारखे तंतू सुटतात. ते जळत नाहीत, कुजत नाहीत. आप्पांचे काम गोण्या फोडण्याचे. सुरीने गोणी फाडायची, आवळून बसलेला तंतू हाताने मोकळा करायचा आणि सिमेंटबरोबर मिसळण्यासाठी यंत्रात टाकायचा. तोंडाला घरचा रुमाल. धुळीवर उतारा म्हणून रोज गुळाचा एक खडा मिळे. धूळ गुळाला चिकटून पोटात जाते, असा समज होता. ती जात होती फुफ्फुसात, आणि फुफ्फुसाला गूळ कुठून मिळणार?

रिकाम्या गोण्या कामगारांना घरी नेता येत. आप्पांनी पुष्कळ आणल्या. आजी चाळीच्या गॅलरीत त्या झटकायची, धुवायची आणि त्यांवर जुन्या लुगड्यांचे थर टाचून गोधड्या शिवायची. माझे वडील लहानपणी त्या गोधड्यांवर झोपले. आप्पांचे कामाचे कपडेही आजीच धूत असे. पाण्यात घालण्याआधी झटकत असे, म्हणजे साबण कमी लागतो. काटकसर हा आमच्या घरातला सर्वांत मोठा सद्गुण!

2003 साली कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती आणली. स्वेच्छा कोणाची होती हे सांगायला नको. आप्पा अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गावी आले. मिळालेल्या पैशातून घर बांधले आणि त्यावर पत्रे घातले ते ॲस्बेस्टॉसचेच. जो माल आयुष्यभर बनवला त्याच्यावर विश्वास होता.

या रोगाचे वैशिष्ट्य असे की तो लगेच दिसत नाही. यंत्रात बोट गेले तर त्याच क्षणी रक्त येते, अपघाताच्या वहीत नोंद होते, चार माणसे साक्षीला असतात. ॲस्बेस्टॉसचा तंतू डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक असतो. तो श्वासाबरोबर खोल जाऊन रुततो. शरीर त्याला विरघळवू शकत नाही, बाहेरही काढू शकत नाही. त्याच्याभोवती वण तयार होतो, वणाशेजारी दुसरा वण. वर्षानुवर्षे असे होत फुफ्फुस ताठर बनते. याला ‘ॲस्बेस्टॉसिस’ म्हणतात. दहा, वीस, कधी तीस वर्षांनी तो उमटतो. याच तंतूंमुळे फुफ्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा ‘मेसोथेलिओमा’ नावाचा कर्करोगही होतो. तो तर चाळीस वर्षांनीसुद्धा दिसतो. झालेला वण पुसणारे औषध नाही.

आप्पांना 2012 च्या सुमारास माळावरच्या शेतात चढताना दम लागू लागला. कोरडा खोकला, रात्री छातीवर कोणी बसल्यासारखे. तालुक्याच्या डॉक्टरांनी क्षयाचा संशय घेतला. थुंकीत काही सापडले नाही, तरी सहा महिने गोळ्या झाल्या. पुन्हा दम, पुन्हा गोळ्या. आप्पांची वाटी आणि तांब्या वेगळा ठेवला जाऊ लागला. ज्या माणसाने पंढरीच्या वारीत शेकडो लोकांबरोबर एका पंगतीत जेवण केले, तो आपल्याच घरात ओसरीवर वेगळा जेवू लागला.

2017 साली वडील त्यांना मुंबईला घेऊन गेले. तेथल्या डॉक्टरांनी छाती तपासली, बोटांची फुगलेली टोके पाहिली आणि विचारले, “बाबा, तुम्ही काम काय करत होता?” आप्पा सांगतात, पाच वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला. औषधाचे नाव, वय, विडी-तंबाखू, सगळे विचारून झाले होते. काम कोणी विचारले नव्हते. मग एक्स-रे झाला, सीटी स्कॅन झाले आणि कागदावर तो शब्द आला. आप्पांनी गावी आल्यावर पहिली गोष्ट कोणती केली असेल? आजीला सांगितले, “माझा तांब्या आत घे.”

भरपाईचा विचार त्यानंतर सुरू झाला. माझे वडील नववीपर्यंत शिकलेले. घरात अकरावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे मी बारावीत गेल्यावर कागदांची पिशवी माझ्याकडे आली. इंग्रजीचा शब्दकोश शेजारी ठेवून मी ते कागद लावू लागले, आणि मला कळले की कायदा आमच्या बाजूने बराच बोललेला आहे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत ॲस्बेस्टॉसिसचे नाव होते. 2020 साली संसदेने मंजूर केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीतही ते आहे. सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला की कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेकडून कामगारांची तपासणी करावी आणि ज्यांना रोग आढळेल त्यांना कारखान्याने प्रत्येकी एक लाख रुपये द्यावेत, असेही सांगितले. शिवाय प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षे, किंवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांत जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवावी असा आदेश दिला. हा रोग किती सावकाश चालतो हे न्यायमूर्तींनी ओळखले होते, हे वाचून मला फार बरे वाटले.

पण निकाल आणि कचेरी यांच्यामध्ये पुष्कळ जिने असतात. जुन्या कायद्याची मुदत पाहा. नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणे दिसली तर ती दिसली त्या दिवसापासून मोजणी, आणि दावा दोन वर्षांच्या आत. रोगाचे पंचांग वीस-तीस वर्षांचे आणि कायद्याचे दोन! उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना होता. त्या एका वाक्याच्या आधारावर आमच्या वकिलांनी दावा उभा केला.

त्याआधी दोन कचेऱ्यांमध्ये आप्पांचे दीड वर्ष गेले. 1998 सालापर्यंत त्यांच्या पगारातून कामगार विम्याची वर्गणी कापली जात असे. मग पगार मर्यादेच्या वर गेला आणि ते योजनेबाहेर पडले. कायदा असा की विमा असेल तर भरपाई विम्याकडे मागायची, मालकाविरुद्ध दावा नाही. एका कचेरीने सांगितले, “तुम्ही 1998 मध्येच बाहेर पडलात, आता आमच्याकडे तुमचे काही नाही.” दुसरीने सांगितले, “बावीस वर्षे तुमचा विमा होता, तिकडे जा.” धूळ मात्र दोन्ही काळांत तीच होती. पगारवाढ झाली म्हणून ती थांबली नव्हती.

याच वेळी मी नेली कर्शॉ या बाईबद्दल वाचले. इंग्लंडमधील रॉचडेल येथे ती ॲस्बेस्टॉसचे सूत कातत असे. 1922 साली आजारपणामुळे तिला काम सोडावे लागले. डॉक्टरांनी दाखल्यावर ॲस्बेस्टॉसची विषबाधा असे लिहिले. दाखल्यावर कामाचे कारण होते, म्हणून आजारपणाचा भत्ता देणाऱ्या मंडळीने तिला मालकाकडे पाठवले. मालकाने सांगितले, असा रोग कायद्याच्या यादीत नाही. 1924 साली तेहेतिसाव्या वर्षी ती वारली. तिच्या मृत्यूच्या चौकशीत डॉ. कूक यांनी तिच्या फुफ्फुसातले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि मृत्यूचे कारण तेच असल्याचे सांगितले. तरी तिच्या घरच्यांना काही मिळाले नाही. एकीला मान्य केले तर पुढे रांग लागेल, ही मालकांची भीती होती. मी ही हकीकत आप्पांना मराठीतून सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजी शंभर वर्सांपूर्वी ठावं हुतं तर!”

ठाऊक होतेच. म्हणून तर ब्रिटनने 1931 मध्ये कारखान्यांसाठी नियम केले आणि 1999 मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. साठाहून अधिक देशांत आज बंदी आहे. आपल्याकडे खाणींचे परवाने नव्याने देणे 1986 साली आणि असलेल्यांचे नूतनीकरण 1993 साली थांबवले, पण परदेशातून पांढरे ॲस्बेस्टॉस आणणे आणि त्याचे पत्रे करणे चालूच राहिले. बंदीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली फेटाळली. या वादात मी अधिक शिरत नाही. ज्यांच्या छातीत धूळ आधीच गेली आहे त्यांचे काय, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न आहे.

दावा म्हणजे शेवटी पुरावा. आप्पांनी 2017 च्या नोव्हेंबरात कारखान्याला पत्र लिहून आपल्या आरोग्य-नोंदी मागितल्या. तेव्हा जपण्याची मुदत संपलेली नव्हती. 2003 मध्ये पंधरा मिळवा, 2018 येते. उत्तर आले 2019 मध्ये: मुदत संपल्याने नोंदी उपलब्ध नाहीत. ते पत्र मी वहीला टाचून ठेवले आहे. गणितात मी नेहमीच कच्ची, पण हे उदाहरण मला तोंडपाठ आहे.

नोकरीचा कागद होता, त्यावर हुद्दा ‘हेल्पर’. विरुद्ध बाजूचे म्हणणे, हेल्पर कोठेही असू शकतो, तो गोण्यांच्या खात्यात होता कशावरून? बरोबरीचे कामगार साक्ष देतील म्हणावे तर ज्यांची नावे आप्पांनी सांगितली त्यांतले बहुतेक गेलेले. तेव्हा आजीने देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवरचा फोटो काढून दिला. दसऱ्याच्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा होत असे, त्या दिवशीचा 1988 सालचा. यंत्राला झेंडूचे तोरण, नऊ माणसे टोप्या घालून उभी, आप्पा डावीकडून तिसरे. त्यांच्या मागे भिंतीवर खात्याचे नाव रंगवलेले आहे आणि छतापर्यंत गोण्यांची थप्पी. फोटोवर वर्षानुवर्षे उदबत्तीचा धूर बसला होता. तो आता दाव्यात आमचा एक महत्त्वाचा पुरावा आहे.

उलटतपासणीला मी हजर होते. आप्पांना विचारले गेले, “तुम्ही विडी किती ओढत होता?” आप्पांनी सदऱ्याचे वरचे बटण काढून गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. “सतराव्या वर्सी घातली साहेब. तवापासून पानसुद्धा खाल्लं न्हाई.” मग, “तुम्हाला क्षय झाला होता हे खरे ना?” आप्पा म्हणाले, “गोळ्या खाल्ल्या हे खरं.” एवढे बोलून त्यांना दम लागला आणि बाकावर बसवावे लागले. मला वाटले, साहेबांनी आता लिहून घ्यावे. हाच पंचनामा आहे. भिंत पडताना दिसते आहे. पण दमाची नोंद होत नाही, उत्तराची होते.

गेल्या वर्षी समोरून तडजोडीचा प्रस्ताव आला. पावणेदोन लाख रुपये एकरकमी, दावा मागे घ्यायचा. आमच्यासारख्या घरात ही रक्कम लहान नव्हे. प्राणवायूचे यंत्र घ्यायचे आहे, माझ्या धाकट्या भावाची फी आहे. वडील घ्यावे म्हणत होते, आणि त्यांचे चुकत नव्हते. तारखेला मुंबईला जाण्याचा खर्च, मजुरी बुडते ती वेगळी. त्यांनी आप्पांच्या पायाशी बसून सांगितले, “आप्पा, तुमच्या हयातीत काही हाताला लागू दे.” आप्पांनी मला कागद वाचायला सांगितला. त्यात एक कलम होते: अर्जदाराच्या आजाराचा त्याच्या नोकरीशी संबंध असल्याचे कंपनी मान्य करीत नाही, आणि ही रक्कम केवळ सहानुभूती म्हणून देण्यात येत आहे.

“सहानुभूती म्हंजी?” आप्पांनी विचारले.

“म्हणजे दया आली म्हणून, आप्पा.”

ते म्हणाले, “मग नगं. मी भीक मागाया गेलो न्हवतो. सत्तावीस वर्सं गोण्या फोडल्या म्हून आजार झाला, एवढं लिवा म्हणावं. मग एक लाख दिलं तरी चालतंय.”

त्या रात्री वडील जेवले नाहीत. पुढे दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. आप्पांचा निर्णय योग्य, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण त्यांची छाती ठोकण्याजोगी राहिलेली नाही आणि रात्री उठून त्यांना उशीला टेकवून बसवणारे वडीलच आहेत. पण पैसे आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळले. पैसे दयेनेही देता येतात. भरपाईत देणाऱ्याला आधी कबूल करावे लागते की हे नुकसान माझ्याकडे काम करताना झाले. ज्याला पाच वर्षे क्षयरोगी म्हणून वेगळ्या ताटात जेवावे लागले, त्याला ते एक वाक्य पावणेदोन लाखांहून मोठे वाटले तर त्यात नवल काय?

दावा अजून चालू आहे. तारखा पडतात.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. मागच्या वर्षी डॉक्टरांनी आजीचाही एक्स-रे काढायला सांगितला. तिच्या फुफ्फुसाच्या आवरणावर चट्टे आहेत. तसे चट्टे ॲस्बेस्टॉसमुळे पडतात. ती कारखान्याच्या दारातसुद्धा कधी गेली नव्हती. कपडे झटकले, गोण्या धुतल्या, एवढेच. मी वकिलांना विचारले, आजीचा अर्ज कोठे करायचा? ते म्हणाले, “त्या कामगार नव्हत्या ना!” अर्जात पहिलाच रकाना आहे: कामगाराचे नाव. दुसरा: हुद्दा. आजीचा हुद्दा काय लिहावा? सत्तावीस वर्षे कारखान्याची धूळ तिने घरात बसून काढली, बिनपगारी. तिच्या दुखण्याचा रकाना अजून कोणी छापलेला नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी खोऱ्यातल्या वाड्यांवर फिरले. पत्र्याच्या, ब्रेकच्या, दोराच्या कारखान्यांत काम करून परतलेल्या माणसांची नावे एका वहीत लिहिली. अकरा घरे मिळाली. सहा घरांत माणूस गेलेला होता, आणि त्यांतल्या चौघांना ‘क्षयाने गेला’ असे म्हणतात. त्यांना काय झाले होते हे आता कोणालाच सिद्ध करता येणार नाही. काम काय करत होता हे कोणी विचारले नाही आणि कोणी लिहिलेही नाही.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखी, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुले-मुली पुष्कळ आहेत. अनेकांचे आजोबा मुंबईला होते. त्यांना माझी एवढीच विनंती आहे. घरातली जुनी ट्रंक उघडा. हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, विम्याचे पुस्तक, पूजेचा फोटो, जे सापडेल ते रद्दीत घालू नका. आजोबांना दम लागत असेल तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा, की ते अमुक कारखान्यात, अमुक खात्यात, इतकी वर्षे काम करीत होते. आणि आजीने कपडे धुतले असतील, तर तेही सांगा.